निग्रहाकडून नोंदीकडे

मराठी घरांत माणसाच्या वजनाबद्दल बोलण्याची एक जुनी, प्रेमळ रीत आहे. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या भाचीला मावशी म्हणते, "तब्येत सुधारली हो!" आणि वजन वाढल्याचे ते कौतुक असते. हॉस्टेलवरून परतलेल्या नातवाला आजी म्हणते, "किती वाळलास रे," आणि बोलता बोलता त्याच्या ताटात आणखी एक पोळी पडते, वर तुपाची धार. 'खात्यापित्या घरची' हे विशेषण अजूनही मानाचेच आहे. पण हीच भाषा एका वयानंतर, एका मापानंतर पालटते. त्याच मुलीबद्दल लग्न ठरवताना 'मुलगी चांगली आहे, पण अंगाने जरा जास्तच' असे हलक्या आवाजात बोलले जाते, आणि पुढे कधी गुडघे दुखू लागले की दवाखान्यात 'जिभेवर ताबा ठेवा' एवढाच सल्ला मिळतो. कौतुक आणि ठपका या दोन टोकांच्या मध्ये त्या व्यक्तीच्या मनात काय चालले आहे, हे विचारायला मात्र फारसे कोणी थांबत नाही.

तो प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने विचारणारी आणि त्याच्या उत्तरावरून उपचार बांधणारी एक ज्ञानशाखा गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभी राहिली आहे. स्थूलत्व असलेल्या प्रौढांसाठीचे मानसोपचार हा तिचा विषय, आणि या पुस्तकाचाही. आहार आणि व्यायाम ही वजनाच्या प्रश्नाची दोन अंगे मराठी वाचकाला चांगली परिचित आहेत. हे तिसरे अंग त्यांना जोडणारे आहे. तुम्ही स्वतः वजनाशी वर्षानुवर्षे झगडत असाल, अशा कोणाचे जवळचे नातलग असाल, फॅमिली डॉक्टर, आहारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्राचे विद्यार्थी असाल, तरी या विषयात शिरायला पूर्वज्ञान लागत नाही. 'खाणे कमी केले की झाले' हे वाक्य काही काळ बाजूला ठेवण्याची तयारी मात्र हवी.

आधी शब्दांविषयी. 'लठ्ठ' हा शब्द कोशात निरुपद्रवी दिसतो; पण शाळेच्या वर्गात, लोकलच्या डब्यात आणि लग्नाच्या मांडवात तो इतक्यांदा टोमणा म्हणून फेकला गेला आहे की तो ऐकताच अनेकांचे अंग आक्रसते. म्हणून पुढच्या प्रकरणांत 'स्थूलत्व' हा शब्द वापरला आहे आणि शक्य तिथे 'स्थूलत्व असलेली व्यक्ती' अशी थोडी लांब रचना स्वीकारली आहे. वाचकांनी ती निव्वळ सौजन्य समजू नये. दम्याचा त्रास असलेल्या माणसाची ओळख आपण दम्यापुरती ठेवत नाही; वजनाबाबत मात्र आख्खा माणूसच त्या एका शब्दात कोंबला जातो. आणि पुढे दिसेल की असे कोंबले जाणे हे वजन वाढण्याच्या कारणांतही सामील होते.

मग मोजमाप. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की येतो तो बीएमआय. बेल्जियन शास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या या गुणोत्तराला आजचे नाव अमेरिकी संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. जागतिक आरोग्य संघटना ३० आणि त्यापुढच्या बीएमआयला स्थूलत्व म्हणते. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही रेषा २५ वर आणली, आणि पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा सांगितली. हा फरक का, याचे एक बोलके उत्तर पुण्यातून आले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा सारखे सांगत होता, शरीरे मात्र वेगळी होती. १५ ते ४९ या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष यांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक असल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. म्हणजे हा प्रश्न कोणा परक्याचा नाही. आपल्या पंगतीतल्या दर चौघांपैकी जवळजवळ एकाचा आहे.

मनाकडे वळण्याआधी शरीराचे ऋण मान्य केले पाहिजे. १९८६ मध्ये अल्बर्ट स्टंकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठेपणी त्यांची शरीरे जन्मदात्या आईवडिलांसारखी निघाली. ज्यांच्या घरात ती वाढली, ज्यांच्या हातचे जेवली, त्यांच्या वजनाशी मात्र त्यांचे नाते दिसले नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की वजन उतरवल्यानंतर भूक वाढवणारे आणि तृप्ती कमी करणारे संप्रेरकांमधले बदल वर्ष उलटले तरी टिकून राहतात. वजन कमी करणाऱ्या माणसाला आधीपेक्षा जास्त भूक लागते, आणि ही भूक खरी असते, मनाचे खेळ नव्हेत. वाचकांनी ही गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी, कारण स्थूलत्वाच्या मानसोपचारांचा अर्थ 'हा आजार मनाचा आहे' असा मुळीच नाही. शरीर असे ओढत असताना त्याच्यासोबत शहाणपणाने कसे राहायचे, हे शिकवणारे ते उपचार आहेत.

उपासमार मनाचे काय करते, याचा सर्वांत गाजलेला अभ्यास अ‍ॅन्सेल कीज यांचाच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने २४ आठवडे निम्म्या आहारावर राहून आपले जवळजवळ पाव वजन गमावले. संशोधकांनी शरीराबरोबर त्यांच्या मनाचीही टिपणे ठेवली. हे तरुण चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले; ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती ते पाककृतींची पुस्तके वाचत बसले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही अनेकांची खा-खा कित्येक दिवस शमली नाही. कडक डाएटच्या तिसऱ्या आठवड्यात स्वतःला दुबळे ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास जरूर वाचावा. त्या ३६ जणांपैकी कोणीही दुबळा नव्हता.

या ज्ञानशाखेचा उगम एका प्रांजळ कबुलीत आहे, आणि मला तिच्याविषयी आदर वाटतो तो प्रथम यासाठी. १९५९ मध्ये स्टंकर्ड आणि मेव्हिस मॅक्लारेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या आहारविभागातील शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. शंभरांपैकी फक्त १२ जणांनी २० पौंड, म्हणजे सुमारे नऊ किलो वजन उतरवले होते. दोन वर्षांनंतर ते राखणारे उरले अवघे दोन. तोवरची पद्धत साधी होती: आहाराचा कागद हातात द्यायचा, आणि रुग्णाला जमले नाही तर दोष त्याच्याकडे. या लेखानंतर तो दोष पद्धतीकडे वळला. एखाद्या शास्त्राने स्वतःच्या अपयशाचे आकडे इतक्या स्वच्छपणे मांडावेत आणि तिथून नवी वाट शोधावी, ही अभिमानाची गोष्ट आहे.

ती वाट सापडली वर्तनाच्या अभ्यासात. १९६२ मध्ये चार्ल्स फर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाण्याकडे एका सुट्या कृतीऐवजी प्रसंगांची साखळी म्हणून पाहिले. १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी हे तत्त्व रुग्णांवर वापरून पाहिले. त्यांच्या सूचना आजही ताज्या वाटतात: काय, कधी, कुठे खाल्ले ते लिहून ठेवा, घरात एकाच ठराविक जागी बसून खा, खाताना दुसरे काही करू नका, घासाघासांत चमचा खाली ठेवा. वर्षभरात त्यांच्या आठ रुग्णांचे वजन कमीत कमी २६ आणि जास्तीत जास्त ४७ पौंडांनी उतरले. आठ ही संख्या लहान आहे आणि इतके यश पुढच्या मोठ्या अभ्यासांना क्वचितच मिळाले. पण विचारण्याचा प्रश्न कायमचा बदलला. 'तुम्हाला जमत का नाही?' याच्या जागी 'नेमके काय घडते?' हा प्रश्न आला. निग्रहाची जागा नोंदीने घेतली. या संपूर्ण विषयाचे सार एका वाक्यात सांगायचे झाले, तर मी हेच सांगेन.

नोंद म्हणजे काय, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एक बाई रोज कल्याणहून मुंबईला नोकरीला जातात. डबा एकला खाल्लेला. चार वाजता चहा, त्यासोबत काही नाही, कारण 'डाएट' चालू आहे. साडेपाचला साहेबांचे चार शब्द ऐकावे लागले. लोकलमध्ये उभ्याने दीड तास. घरी शिरताच चपला काढून त्या थेट स्वयंपाकघरात जातात आणि ओट्याशी उभ्या उभ्याच फरसाणाचा डबा अर्धा होतो. मग मनात येते, 'आज सगळे बिघडलेच.' मुलांच्या ताटातले उरलेले टाकवत नाही म्हणून तेही पोटात जाते. रात्री भांडी आवरल्यावर टीव्हीसमोर पुन्हा काहीतरी. झोपताना ठरते, 'उद्या कडक उपास.' बाईंना विचाराल तर त्या सांगतील, 'माझ्या मनावर माझा ताबाच नाही.' नोंदवही मात्र वेगळे सांगते. डबा हातात येईपर्यंत साखळीचे पाच दुवे होऊन गेलेले असतात, आणि उपचार म्हणजे त्यांपैकी सर्वांत सहज तुटेल असा दुवा शोधणे. कदाचित तो चार वाजताचा मूठभर चणे-शेंगदाण्यांचा खाऊ असेल. कदाचित फरसाण घरात न आणणे, किंवा घरी येताच आधी हातपाय धुऊन दहा मिनिटे खिडकीशी बसणे. कदाचित 'ताटात टाकू नये' हा संस्कार जपत मुलांना आधीच थोडे कमी वाढणे.

वाचकांना वाटेल, इतक्या साध्या गोष्टींसाठी शास्त्र कशाला? साधेपणा दिसतो तो उपाय सापडल्यानंतर. प्रत्येकाची साखळी वेगळी असते आणि ती ज्याची त्याला दिसत नाही, म्हणून मानसतज्ज्ञ लागतो. लिहिण्याच्या कृतीतच बळ आहे. अमेरिकेत सुमारे १,७०० जणांच्या एका अभ्यासात, रोज आहाराची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरल्याचे २००८ मध्ये दिसले.

या नोंदीसाठी मराठी भाषा एक मोठी देणगी घेऊन येते, हे सांगताना मला विशेष आनंद वाटतो. आपल्याकडे 'भूक लागते', 'खा-खा सुटते', 'वखवख होते', 'काहीतरी चटपटीत हवेसे वाटते' आणि 'चाळा म्हणून तोंडात टाकले जाते' या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. 'पोट भरले पण मन भरले नाही' हे तर आपण सहज बोलून जातो. उपचारात माणसाला शिकवायचा पहिला भेद हाच: आत्ता जे जाणवते आहे ते पोटातून आले की थकव्यातून, एकटेपणातून, की समोर डबा दिसला म्हणून? नोंदवहीच्या एका रकान्यात तुम्ही हे शब्द लिहू लागलात, तर अर्धे निदान तुमच्याच अक्षरात तयार होते.

दुसरी देणगी म्हणजे एक म्हण: एकादशी आणि दुप्पट खाशी. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी प्रयोगशाळेत नेमके हेच पाहिले. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिले आणि मग आइस्क्रीम हवे तेवढे खायला सांगितले. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जसे कोणीही खाईल. सतत बंधनात राहणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की 'आता काय उरले' या विचाराने उरलासुरला बांधही फुटतो. दोष त्या एका मिल्कशेकचा नसतो. 'सगळे किंवा काहीच नाही' या विचाराचा असतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अ‍ॅलन मार्लट यांनी पाय घसरणे आणि खाली कोसळणे यांत केलेला भेद इथेही उपयोगी पडला. पंगतीत आग्रहाखातर घेतलेली श्रीखंडाची जादा वाटी ही घसरण. त्यापायी पुढचे पंधरा दिवस सोडून देणे हे कोसळणे. या दोहोंच्या मध्ये एक विचार असतो, आणि विचार बदलता येतो.

विचारांवर काम करणाऱ्या पद्धतींची पायाभरणी अल्बर्ट एलिस आणि आरन बेक यांनी केली. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणण्याचे आणि तिच्यासाठी मराठी परिभाषा घडवण्याचे काम कि. मो. फडके यांनी आयुष्यभर निष्ठेने केले, आणि ठाण्यात १९९० पासून 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ'च्या माध्यमातून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मनआरोग्याची भाषा घराघरांत नेली. त्यामुळे 'मला हे जमलेच पाहिजे' आणि 'मला हे जमावे असे वाटते' या दोन वाक्यांतील अंतर मराठी वाचकाला परके नाही. वजनाच्या प्रश्नात हे अंतर फार मोलाचे आहे. पहिले वाक्य एका वाटीने मोडते. दुसऱ्या वाक्यात त्या वाटीला जागा असते.

पुढे आणखी शाखा फुटल्या. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या प्रेरणादायी मुलाखतीच्या पद्धतीत तज्ज्ञ उपदेश करत नाही. बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून यावीत म्हणून ऐकतो आणि विचारतो. स्टीव्हन हेज यांच्या स्वीकार आणि बांधिलकीच्या उपचारात खाण्याची ओढ दाबून टाकण्याचा खटाटोप नसतो. ओढ आहे हे मान्य करून, ती असतानाच आपल्याला मोलाची वाटणारी कृती कशी करायची, हे शिकवले जाते. फिलाडेल्फियातील इव्हान फॉर्मन यांच्या गटाने २०१६ मध्ये १९० जणांच्या अभ्यासात दाखवले, की या पद्धतीने वर्षाअखेर सरासरी १३.३ टक्के वजन उतरले, तर नेहमीच्या वर्तनोपचाराने ९.८ टक्के. पुढील वर्षांत मात्र हा फरक बराच पुसट झाला. कोणत्या शाखेकडे जावे, याची घाई वाचकांनी करू नये. सगळ्यांच्या मुळाशी नोंद, साखळी आणि विचार हेच आहेत.

आता परिणामांविषयी, जितके स्वच्छ सांगता येईल तितके. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या 'कोक्रेन' संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात ३६ अभ्यासांतील ३,४९५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. केवळ आहार-व्यायामाच्या तुलनेत, त्याला विचार आणि वर्तनावरील उपचारांची जोड दिल्यास सरासरी ४.९ किलो जास्त वजन उतरल्याचे दिसले. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात ३,२३४ जणांवर अभ्यास झाला. त्यातील जीवनशैली गटाला १६ सत्रांचा वर्तनाधारित अभ्यासक्रम, सात टक्के वजन घटवण्याचे लक्ष्य आणि आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल दिली होती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात ५३१ जणांपैकी जीवनशैली गटात धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात म्हणावी तशी घट नसताना. भारतीय वाचकांनी हा निष्कर्ष जपून ठेवावा. काटा हलला नाही म्हणून प्रयत्न वाया गेला, असे समजणे चूक आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ऑक्सफर्डमधील झफ्रा कूपर, ख्रिस्तोफर फेअरबर्न आणि सहकाऱ्यांनी १५० स्त्रियांना अतिशय काळजीपूर्वक बांधलेले उपचार दिले आणि तीन वर्षे पाठपुरावा केला. सुरुवातीला सरासरी दहा टक्के वजन उतरले. तीन वर्षांत बहुतेकींचे त्यातले बरेचसे परत आले. २०१० चा हा निबंध वाचताना कोणाही अभ्यासकाचे मन जड होते. पण यातूनच या क्षेत्राने आपला पुढचा धडा घेतला: स्थूलत्व ही दीर्घकालीन अवस्था आहे, आणि रक्तदाबाची गोळी जशी तीन महिन्यांत संपत नाही तसा हा आधारही संपू नये. सत्रे विरळ झाली तरी गाठीभेटी चालू ठेवणाऱ्यांचे वजन अधिक टिकते, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे.

अपेक्षांचा प्रश्न याला जोडूनच येतो. १९९७ मध्ये गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी उपचार सुरू होण्यापूर्वी ६० स्त्रियांना त्यांचे ध्येय विचारले. सरासरी उत्तर आले: सध्याच्या वजनात ३२ टक्के घट. 'इतके कमी झाले तर निराशा होईल' असा आकडाही त्यांच्याकडून घेतला होता. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरले, वैद्यकाच्या दृष्टीने उत्तम यश. तरीही जवळपास निम्म्या जणी त्या निराशेच्या आकड्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या. रक्तदाब आणि साखर पाच ते दहा टक्के घटीनेही सुधारतात. म्हणून चांगला उपचारक पहिल्याच भेटीत विचारतो, 'वजन उतरल्यावर तुम्हाला काय करायचे आहे?' उत्तरे येतात: नातीबरोबर गड चढायचा आहे, स्टेशनचा जिना न थांबता चढायचा आहे, नाटकाच्या खुर्चीत संकोच न वाटता बसायचे आहे. यांतल्या कित्येक गोष्टींची सुरुवात करायला काट्याच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

दोन दारांकडे वाचकांचे खास लक्ष वेधतो. पहिले, अतिभक्षण विकाराचे. थोड्या वेळात खूप जास्त खाल्ले जाणे, त्या वेळी स्वतःवर ताबा नसल्याची जाणीव, नंतर तीव्र शरम, आणि हे तीन महिने आठवड्यातून किमान एकदा घडणे, या अवस्थेला २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेत स्वतंत्र स्थान मिळाले. मानसोपचारांनी असे झटके चांगलेच कमी होतात, वजन फारसे उतरले नाही तरीही. अशा व्यक्तीला कडक डाएट देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. दुसरे दार हिणवणुकीचे. टोमण्यांनी माणूस सुधारतो, असा एक समज आपल्यात खोल आहे. संशोधन उलट सांगते: ज्यांना वजनावरून हिणवले जाते ते अधिक खातात, व्यायामाच्या जागा टाळतात आणि दवाखान्यात जाणेही लांबणीवर टाकतात. हा ठपका माणूस स्वतःवरच ठेवू लागला की घाव दुहेरी होतो. घरातल्यांनी हिणवणुकीच्या प्रकरणापासून वाचन सुरू केले तरी चालेल. खरे तर तसेच करावे.

तुमच्या मनात एव्हाना वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा विचार आला असेल. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मधील मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, आणि अशी औषधे आता भारतातही मिळू लागली आहेत. ती या विषयाला निरुपयोगी ठरवतात का? त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले. औषध भुकेचा आवाज लहान करते. पण सणावाराची पंगत, कंटाळ्याची संध्याकाळ, आरशासमोरचे जुने बोल आणि आयुष्यभराच्या सवयी तिथेच असतात. शरीर थोडे शांत झाले असताना त्यांवर काम करणे सोपे जाते, म्हणून या दोन उपचारांनी एकमेकांचा हात धरावा, हेच योग्य.

शेवटी, वाचावे कसे. विद्यार्थ्यांनी इतिहासापासून सुरुवात करावी. अपयशाच्या कबुलीतून ही शाखा कशी वाढली हे समजल्याशिवाय तिची तंत्रे कोरडी वाटतील. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी अपेक्षा आणि हिणवणूक ही प्रकरणे आधी वाचावीत, कारण पहिल्या भेटीत वापरलेल्या शब्दांवर दुसरी भेट होणार की नाही हे ठरते. तुम्ही स्वतःसाठी वाचत असाल, तर हे पुस्तक तज्ज्ञाच्या जागी ठेवू नका. खाणे आणि उदासी यांचा गुंता वाटत असेल तर मानसतज्ज्ञांना भेटा, आणि ते जवळ नसतील तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो.

आणि एक साधी वही घ्या. चार रकाने आखा: वेळ, जागा, काय खाल्ले, आणि त्याआधी मनात काय होते. पहिला आठवडा काहीही कमी करू नका, काहीही बदलू नका, लपवूही नका. सायंकाळचा तो डबा अर्धा झाला, तर 'डबा अर्धा' असेच लिहा, शेजारी शेरा नको. आठव्या दिवशी वही उघडून एखाद्या मैत्रिणीची असावी तशी वाचा. तिच्याबद्दल जी माया वाटेल, ती घेऊन पहिल्या प्रकरणाकडे या.